बाळसं

ओकोरीने माझ्या लेकीच्या, विशूच्या पायावर अंगठा दाबला तेव्हा मी कांद्याच्या वाफ्यात उकिडवी बसले होते. हातात विळा, पुढ्यात उपटलेल्या कांद्यांची ओळ. बांधावरच्या निंबाला झोळी टांगलेली होती आणि झोळीबाहेर विशूचं पाऊल लोंबत होतं. त्याने ते पाऊल आपल्या तळहातावर घेतलं, वरच्या बाजूला अंगठा टेकवला आणि दाबून धरला. मी मनातल्या मनात पाचपर्यंत मोजलं. मग अंगठा उचलून तो त्या जागेकडे बघत बसला.

आठवड्यात हे चौथ्यांदा. पहिल्यांदा वाटलं, खेळवतोय. दुसऱ्यांदा त्याने तिचे केस उन्हाकडे धरून बघितले. तिसऱ्यांदा मी तिला भरवत होते तर दारात उभा राहून घास बघत होता. लेकराच्या ताटात असं कोणी बघतं का?

"आत्या, तो परत बघा," मी म्हटलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, धोंडाबाई. त्यांनी मान वर केली नाही. डाव्या हाताने कांद्याची मान धरायची, उजव्या हाताने पात कापायची, कांदा मागे टाकायचा. "हात चालव गं. पश्चिमेला बघ काय दाटलंय ते. दोन दिसांत कांदा चाळीत गेला नाय तर समदा भिजंल."

पश्चिमेला खरंच काळं झालं होतं. त्या काळ्यावर एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर पांढरा दिसत होता. चैत्र निम्मा सरला होता, दोन एकर उन्हाळ कांदा जमिनीत होता आणि वावरात आम्ही दोघीच होतो.

बाया येत नव्हत्या. दर वर्षी रंगूबाईची सात-आठ जणींची टोळी आमच्याकडे यायची. यंदा मी दोनदा बोलवायला गेले. दुसऱ्यांदा ती हापशावर भेटली. तिने आधी हंडा भरून घेतला. मग म्हणाली, "राग धरू नको लता. बायांना भ्या वाटतं. तुमच्या घरातला त्यो हबशी लेकरावर टक लावून बघतो म्हनं."

"कोण म्हणतं?"

"समदेच म्हनत्यात. त्यो ऱ्हायला आला आन महिन्यात तुझ्या पोरीला गोवर निघाला. आमच्या बायांची लेकरं पन झोळीत असत्यात ना बाई."

"गोवर काय फक्त माझ्याच पोरीला निघाला का? अख्ख्या वस्तीत होता."

"ते खरं," रंगूबाई म्हणाली आणि हंडा डोक्यावर घेऊन चालू लागली.

मी तिच्याशी भांडले खरी, पण तिने जे म्हटलं ते माझ्याच मनात होतं.

ओकोरीला घरी आणलं ते माझ्या नवऱ्याने. कारभारी वीज केंद्रात ऑपरेटर आणि हा नायजेरियाचा मुलगा नाशिकच्या कॉलेजातून तिथे एका वर्षाच्या शिकाऊ कामाला आलेला. नाशिकरोडला त्याला खोली मिळेना. दार उघडायचे, तोंड बघायचे आणि सांगायचे, कालच दिली. कारभारीने घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे कोंडाजी, चिलीम बाजूला ठेवून म्हणाले, "मला पन असंच सांगायचे. फकस्त माझं त्वांड बघून कळत नव्हतं, म्हून आधी आडनाव इचारायचे. आन त्याला. गोठ्याकडची खोली मोकळीच हाय."

तो आला तो डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन. पहिल्याच दिवशी त्याने खिशातून तांबूस रंगाचं एक बी काढलं आणि दोन्ही हातांनी मामांपुढे धरलं. त्यांच्याकडे म्हणे पाहुणा आणि घरधनी हे एकत्र खाल्ल्याशिवाय बोलायला बसत नाहीत, आणि ते फोडायचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. मामांनी सुपारीसारखं अडकित्त्याने कातरलं, तोंडात टाकलं आणि थुंकले. "लय कडू रे बाबा!" उरलेलं मात्र त्यांनी चंचीत ठेवून दिलं.

"ओकोरी म्हंजी काय?" मामांनी विचारलं.

त्याचं मराठी तेव्हा तोडकं होतं, मी मध्ये इंग्रजीतून सांगत होते. त्याच्या इबो लोकांत चार दिवसांचा आठवडा, चार दिवसांचे चार बाजार. ओरीच्या बाजाराला जन्मला म्हणून ओकोरी.

"मंग आमचा मंगळू तरी काय येगळा हाय?" मामा खूश झाले. "आन तुमचा राजा कोन?"

"राजा नाही," तो म्हणाला. "इबो माणसाला राजा नसतो."

हे मामांना इतकं आवडलं की पुढे आठ दिवस ते भेटेल त्याला सांगत होते.

मला मात्र तो जड जायचा. त्याचा आवाज मोठा. हसला की गाय दचकायची. पोलीस पाटील आले तेव्हा वस्तीतले सगळे हात जोडून उभे, हा पुढे होऊन हस्तांदोलनाला हात काढून उभा. पाटलांनी हात मागेच ठेवला, तरी याचा पुढेच. शेवटी मलाच लाज वाटून मी घरात गेले. नाशिकच्या भद्रकाली बाजारातून जुनी घड्याळं आणायचा, रात्रपाळीच्या कामगारांना दुरुस्त करून विकायचा. लंकाबाई अंडी विकायला आली की तिच्याशी इतकी घासाघीस करायचा की ती डोक्याला हात लावून खाली बसायची.

त्यात होळीच्या सुमारास त्याचा देशवाला आला. तुंडे नावाचा, इस्त्रीचे कपडे, गोड बोलणारा. ओकोरी विहिरीवर गेला तेव्हा तुंडेने चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्याशी हळू आवाजात इंग्रजीतून बोलला. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता म्हणून सांगतो. आम्ही एका देशाचे, पण एका जमातीचे नाही. हा इबो आहे. इबो माणूस फुकट काही करत नाही. सगळ्याचा सौदा. मोठ्यांपुढे वाकणार नाही. आज तुमच्या खोलीत राहील, उद्या घर त्याचं असेल. आमच्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक असतं."

मी बी.ए. झालेली. इंग्रजी कळतं याचा मला घरात थोडा तोराच होता. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या कानात बसलं, आणि तो काहीही करताना दिसला की मी त्याचा सौदा शोधायला लागले.

त्याने विशूचा पाय दाबला तो दिवस रविवारचा, म्हणून तो वावरात होता. कोणी बोलावलं नव्हतं. झोळीपासून उठला, आत्यांच्या मागे पडलेला विळा उचलला आणि शेजारच्या वाफ्यात बसला. पहिल्या दिवशी बोट कापून घेतलं होतं, आता त्याचा हात आत्यांच्या हाताबरोबर चालायचा.

"आजी, तुमची एक ओळ, माझी दोन ओळ. हारणार तुम्ही."

"गप काम कर मेल्या," आत्या म्हणाल्या, पण त्यांचा हात जोरात चालायला लागला.

ऊन डोक्यावर आलं. कांद्याच्या उग्र वासाने डोळे चुरचुरत होते. माझ्या कमरेत कळ येत होती. विशू झोळीत जागी होती, पण रडत नव्हती. आता ती रडतच नसे.

फाल्गुनात तिला गोवर निघाला तेव्हा ती चौदा महिन्यांची होती. छप्पन साली बौद्ध झाल्यावर मामांनी घरातले देव पाटीत घालून गोदावरीत सोडले, त्यानंतर आमच्याकडे कसली पूजा नाही. पण गोवराचं पथ्य कुठे सुटलं होतं? सव्वा महिना डाळ नाही, दूध नाही, अंडं नाही, शेंगदाणा नाही. फक्त तांदळाची पेज, नाहीतर साबुदाण्याची. कांद्याचं काम तोंडावर आलं म्हणून आत्यांनी माझ्या छातीला निंबाचा पाला वाटून लावला आणि तिला अंगावरून तोडली. आधी ती काडीसारखी झाली. मी रात्री उठून तिच्या नाकाशी बोट धरायची. आणि मग पथ्याच्या शेवटी शेवटी तिला बाळसं आलं. गाल वर आले, पाय गुबगुबीत झाले, चेहरा चंद्रासारखा गोल. रडणंही थांबलं. झोळीत टाकावं तर पडून राहायची. आत्या सगळ्यांना सांगायच्या, "पेजेवर कशी भरली बघा पोर! आन किती गुनाची झालीय."

मी कांदा खाली ठेवला. "ओकोरी, तू तिचा पाय का दाबतोस?"

त्याने विळा जमिनीत खोचला. कपाळावरचा घाम खांद्याला पुसला. आवाज नेहमीइतकाच मोठा. "ताई, बाळ जाड नाही. हे पाणी आहे."

"काय?"

"पायात पाणी. गालात पाणी. तिला भूक आहे. खूप दिवसांची."

आत्यांचा हात थांबला. त्या उठल्या तेव्हा विळा हातातच होता. "काय म्हनला रं? कोनाला भूक?"

"विशूला, आजी. रोज पेज, फक्त पेज. पेजेत काही नाही."

"उपाशी? माझ्या घरात?" आत्यांचा आवाज बांधापलीकडे गेला. पलीकडच्या वावरात कांदे भरणारे केरूचे गडी उभे राहून बघायला लागले. "बहात्तरच्या दुष्काळात मी ह्या घरात कोनाला उपाशी झोपू दिलं नाय! तुला दोन महिने भाकर घातली त्याचे हे पांग फेडतोस? माझ्या नातीला दृष्ट लावून वर मलाच बोलतोस?"

दुसऱ्या कोणी खाली बघितलं असतं. त्याने आत्यांच्या डोळ्याला डोळा दिला. "दवाखान्यात न्या, आजी. उद्याच. नाही तर मरेल."

लेकरासमोर तो शब्द. आत्यांनी मातीचं ढेकूळ उचललं आणि मारलं. त्याच्या खांद्यावर फुटलं. माती त्याच्या मानेवरून खाली घरंगळली, त्याने ती झटकली नाही.

"उद्या सकाळी खोली खाली कर," आत्या म्हणाल्या.

केरूचे गडी हसले. मी खाली बसले आणि पात कापायला लागले.

दिवस मावळताना मी त्याच्या दाराशी गेले. तो घड्याळं रुमालात बांधत होता. मी इंग्रजीतून विचारलं, "खरं सांग. यात तुला काय मिळणार आहे?"

तो हसला, गोठ्यातली गाय हलली. "तुंडे बोलला ना? इबो फुकट काही करत नाही. बरोबर आहे. मीही घेणार. पण आधी बाळ."

"तुला कसं माहीत तिला काय झालंय?"

त्याने गाठ मारली, सोडली, परत मारली. "आमच्याकडे लढाई होती. मी आठ वर्षांचा. रस्ते बंद, बाहेरून काही येत नव्हतं. आम्ही कंद उकडून खायचो, सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मला एक बहीण होती, न्गोझी. तीन वर्षांची. सगळी मुलं वाळत होती आणि ती जाड व्हायला लागली. छावणीतल्या बाया माझ्या आईशी भांडायला आल्या. म्हणाल्या, तू लपवून काहीतरी खाऊ घालतेस." तो थांबला. "आईला बरं वाटलं. आठ दिवस तिला फार बरं वाटलं."

तो परत घड्याळं बांधायला लागला.

पहाटे आत्या चुलीला लागल्या तेव्हा मी अंथरुणातच विशूचं पाऊल हातात घेतलं. गार होतं. अंगठा टेकवला. पाचपर्यंत मोजलं. उचलला.

माझ्या अंगठ्याचा खड्डा तिच्या पायावर तसाच होता. ओल्या मातीत बोट रुतावं तसा. मी बघत राहिले, तो भरेना. दुसऱ्या पायावर दाबलं. तिथेही. ती माझ्याकडे बघत होती, पाय ओढून घेत नव्हती. दारातून उजेड आला तेव्हा दिसलं, तिचे केस मुळाशी लालसर झाले होते. मी रोज तेल लावत होते, वेणी घालायला कधी येतील म्हणत होते, आणि उन्हाने पडलेत असं धरून चालले होते. मांडीवर कातडं पापुद्र्यासारखं सुटलं होतं. ते गोवराचं म्हणून सोडून दिलं होतं.

"मामा," मी हाक मारली.

मामा चूळ भरत होते. सासरे माणूस लेकराला कधी उघडंनागडं हातात घ्यायचे नाहीत. मी त्यांचा हात धरून अंगठा तिच्या पायावर ठेवला. "दाबा."

त्यांनी दाबला, उचलला. मग मांडी घालून खाली बसले.

"धोंडे," त्यांनी चुलीकडे बघून हाक मारली. "बहात्तरला खडीच्या कामावर माझ्या आईचे पाय असेच झालते. तूच तेल चोळायचीस. आठवतंय?"

आत्या फुंकणी घेऊन दारात आल्या. "ती म्हातारी व्हती. हिला बाळसं हाय."

"इकडं येऊन दाब."

"म्या नाय दाबत." त्या आल्या नाहीत. "पथ्याचे चार दिस ऱ्हायलेत. आन कांदा? ढग बघा भाईर. कारभारी दुपारशिवाय पाळीवरनं येत नाय. ही दवाखान्यात गेली तर कांदा कोन काढनार?"

बाहेर गडगडलं. निम्मा कांदा काढून उघड्यावर पडला होता, निम्मा अजून जमिनीत होता. वर्षाचं पीक. मी विशूला पदरात गुंडाळलं आणि मामांकडे बघितलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

"जा," मामा म्हणाले. "भिजू दे कांदा."

ओकोरी ट्रंक डोक्यावर घेऊन अंगणातून निघालाच होता. मी त्याच्या मागून चालू लागले. सातची एसटी केंद्राच्या कॉलनीपासून सुटायची, दीड मैल चालायचं होतं. अर्ध्या वाटेत माझा श्वास लागला. फुगलेली विशू हाताला जड होती. त्याने ट्रंक लंकाबाईच्या खोपटापुढे टाकली आणि हात पुढे केले. मी क्षणभर थांबले. तो थांबला नाही. तिला माझ्याकडून घेतलं, छातीशी धरलं आणि लांब टांगा टाकत निघाला.

समोरून रंगूबाईची टोळी येत होती, दुसऱ्याच्या वावरात जाणारी.

"कुठं निघालीस गं त्याच्यासंगं?" रंगूबाईने विचारलं. मागच्या दोघी तोंडाला पदर लावून काहीतरी बोलल्या.

"दवाखान्यात," मी म्हटलं. कोणाला ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. तो पुढे गेला होता आणि मी धावत होते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय दाबला, केस बघितले, पोटावर हात फिरवला. मग चष्मा काढला. "काय खायला घालता?"

"पेज."

"आणि?"

"गोवर झाला होता, म्हणून..."

"किती शिकलात?"

मी खाली बघितलं. "बी.ए."

त्या कागदावर लिहायला लागल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खाट मिळाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, ऊब द्यायची, आणि सांगू तेवढंच दूध, दोन-दोन तासांनी, चमच्याने. एकदम काही नाही. पोटाला सवय राहिलेली नाही, हृदय अशक्त झालंय. पहिले तीन-चार दिवस धोक्याचे.

ओकोरी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. कॉलेज नाही, काम नाही. दुकानातल्यासारखं त्याने उशाशी एक घड्याळ मांडलं आणि दोन तास झाले की म्हणायचा, "ताई, चमचा." विशू गिळायची, डोळे उघडे, नजर कुठेच नाही. दुपारी नाशिकमध्येही गारा पडल्या. पत्र्यावर खडखडाट झाला आणि आमचं वावर डोळ्यांपुढे आलं, पण ते बघायला मनात जागाच नव्हती. संध्याकाळी कारभारी आला. कामाच्या कपड्यातच, राखेने पांढरा. त्याने पाय दाबून बघितला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या आल्या. एकट्या, एसटीने. पायाला वाळलेला चिखल. कडेवर फडक्यात बांधलेला मोठा डबा. खाटेपाशी येऊन त्यांनी विशूकडे बघितलं, आणि माझ्याकडे न बघता डबा उघडला. तुपात भिजलेला गव्हाचा शिरा, दोन उकडलेली अंडी, शेंगदाण्याचे लाडू. सगळं पथ्य एका डब्यात मोडलेलं.

"खा माझी माय," त्या म्हणाल्या. "पोटभर खा. आजीनं तुला उपाशी ठिवली. खा."

मी म्हणणार होते, नको. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी हात मागे घेतला. शिऱ्याचा मोठा घास विशूच्या ओठांना लागला. तिने तोंड उघडलं.

ओकोरीने आत्यांचं मनगट पकडलं. घट्ट. घास खाली पडला.

"सोड! सोड मेल्या!"

"नाही!" तो ओरडला. अख्खा वॉर्ड उठून बसला, परिचारिका धावत आली. शेजारच्या खाटेवरची बाई किंचाळली, "अहो, म्हातारीला मारतोय!" तो मनगट सोडेना. "आजी, लढाई संपली तेव्हा ट्रक आले. दुधाचे, मांसाच्या डब्यांचे. आमच्या छावणीत आयांनी पोरांना पोटभर दिलं. पोटभर! माझ्या आईनेही." त्याचं मराठी संपलं. पुढचं तो त्याच्या भाषेत बोलला, नंतर तेही थांबलं.

कोणी भाषांतर केलं नाही. आत्यांना कळलं. त्यांनी हात ढिला सोडला. डब्याचं झाकण लावलं, तीनदा लावलं तेव्हा बसलं. मग त्या जमिनीवर त्याच्या शेजारी बसल्या, भिंतीला टेकून.

पायावरचा वाळलेला चिखल खरवडत म्हणाल्या, "निम्मा कांदा गेला. रंगू आली व्हती झाकायला. लंकापन. तुझी ट्रंक घरी आनलीय."

"दोन तास झाले," तो घड्याळाकडे बघून म्हणाला. "चमचा."

त्या दिवसापासून चमचा आत्यांनी धरला. मोजून, एक थेंब जास्त नाही.

पुढच्या आठवड्यात विशूचं बाळसं उतरलं. पाणी रोज थोडं थोडं निघून गेलं आणि आतून माझी खरी मुलगी बाहेर आली. फासळ्या, हाडं, म्हाताऱ्या माणसासारखा चेहरा. इतके दिवस मी हिला मिरवत होते. कारभारीला बघवेना म्हणून तो बाहेर जाऊन बसला. मी बघितलं. मला बघणंच भाग होतं.

दहाव्या दिवशी मामा आले होते. दुपारच्या वेळी परिचारिकेला दूध आणायला उशीर झाला. आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. आणि खाटेवरून आवाज आला. आधी मांजरासारखा, मग मोठा, मग कान फाटतील इतका. विशू रडत होती. पाय झाडत होती. ओकोरीने पाऊल धरलं तर तिने त्याच्या तोंडावर लाथ मारली.

"भूक लागली तिला!" आत्या ओरडल्या. "बघा, भुकेनं रडतीय! आरं दूध आना कोनीतरी!"

ओकोरी हसला, तसाच, गाय दचकेल असा. परिचारिका रागावली. मामांनी चंची उघडली. तळाशी ते कातरलेलं बी होतं, वाळून टणक झालेलं. त्यांनी एक तुकडा ओकोरीला दिला, एक स्वतः तोंडात टाकला आणि या वेळी थुंकले नाहीत.

"तुझं काय घ्यायचंय ते सांग आता," मी त्याला विचारलं. "म्हणाला होतास ना, फुकट करत नाही."

"हो." तो लगेच तयार. "दोन गोष्टी. एक, भिजलेले कांदे. सडायच्या आत द्या. मी कॉलेजच्या मेसला विकतो. चांगल्या भावाने विकतो, निम्मा नफा माझा."

मामा हसायला लागले.

"आणि दुसरं आजीकडून." तो आत्यांकडे वळला. "वस्तीतल्या सगळ्या बाळांचे पाय तुम्ही दाबायचे. गोवर झालेल्या सगळ्या. आयांना दाखवायचं. सांगायचं, माझ्या घरी असं झालं."

आत्यांचं तोंड उतरलं. रंगूबाईपुढे, हापशावरच्या बायांपुढे, केरूच्या गड्यांपुढे हे बोलायचं. बहात्तरला कोणाला उपाशी झोपू न दिलेल्या बाईने. त्याने कांद्याच्या भावावरून जशी जराही माघार घेतली नसती, तशी इथेही घेतली नाही. वाट बघत बसला.

वैशाखात उरलेला कांदा निघाला. रंगूबाईची टोळी आली, झोळ्या निंबाला टांगल्या गेल्या. माझी विशू बांधावर बसून शेंगदाणे चावत होती, अजून काडीच, पण किरकिर करणारी काडी. ओकोरी मेसचे कांदे गोणीत भरत होता आणि वजनावरून मामांशी वाद घालत होता.

आत्या दोन वाफे झाल्यावर उठल्या. मी बघत होते. त्या निंबाखाली गेल्या, रंगूबाईच्या नातवाची झोळी उघडली आणि पाऊल हातात घेतलं.

"काय करताय धोंडाबाई?" रंगूबाईने विळा थांबवला.

"गप ऱ्हा. मोजू दे." पाचपर्यंत त्यांनी मोठ्याने मोजलं. सगळ्या बायांचे हात थांबले होते. अंगठा उचलला. कातडं लगेच वर आलं, खड्डा राहिला नाही. आत्यांनी श्वास सोडला. मग त्या वळल्या, आणि वावराच्या मधोमध, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलल्या.

"माझी नात माझ्या घरात भुकेनं सुजली व्हती. म्या त्याला बाळसं म्हनलं."

आत्यांनी अंगठा पदराला पुसला.

"ती दुसरी झोळी कोनाची हाय?"